बिनकाट्याचा

पनाएरच्या मासळीबाजारात, सतरा नंबरच्या ओट्यावर
माझा बाप तांबाकीला चिरा पाडतो.
तोडत नाही. चिरा पाडतो.
दोन चिरांमध्ये आडव्या तांदळाएवढं अंतर,
आणि सुरी कातडीपाशी येऊन थांबते,
परक्याच्या उंबऱ्याशी थांबावं तशी.
मांसात दडलेल्या बेचक्या, बारीक बारीक काटे,
कर्र, कर्र तुटत जातात
आणि मासा आख्खाच राहतो.

ओझियासच्या हातचा मासा
म्हाताऱ्यांनी डोळे मिटून खावा, असं गिऱ्हाईक म्हणतं.
तो मान वर करत नाही.
तो कानाने चिरतो.

मी त्याची थोरली. माझ्या हातात पिपेट.
रिओ प्रेतोकडच्या एका शेततळ्यात
चार हजार पिल्लांत अकरा निघाली
जन्मतःच काटा नसलेली.
क्ष-किरणांच्या फोटोत कणा, बरगड्या,
आणि बाकी सगळं धुकं.
इवानिल्दाबाई फोटो खिडकीच्या काचेला धरून
बराच वेळ उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, हा आख्खा वाचायचा.
पहिल्या अक्षरापासून.

वाचायचं म्हणजे आधी तुकडे करायचे,
हे मी घरी सांगितलं नाही.
शेपटीच्या पराचा नखाएवढा कपटा,
त्यातून निघतो एक पांढुरका धागा, शेवईहून बारीक.
त्याचे आम्ही लक्षावधी तुकडे करतो,
कातडी राखत नाही, उंबरा राखत नाही,
आणि मग यंत्राला सांगतो, जोड.
ते जोडत बसतं.
चारच अक्षरं, मजकूर सव्वाशे कोटींच्या घरात,
गुणसूत्रांच्या जोड्या सत्तावीस, नक्षत्रांइतक्या,
परिच्छेद कुठेच नाही.

तोमे चार वर्षांचा होता, आम्ही तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला राहायचो,
त्याच्या घशात एक बेचकी रुतली.
आईने कसाव्याच्या पिठाचे गोळे गिळायला लावले,
मग केळं, मग पुन्हा गोळे.
शेवटी शेजाऱ्याची होडी, तीन तास, इस्पितळ.
वाटेत बाप एक शब्द बोलला नाही.
त्यानंतर त्याच्या चिरा
अजून जवळ जवळ आल्या.

परवा त्या अकरांतला एक
वजन करून, नोंदवहीत सही करून
मी घरी आणला. काही बोलले नाही.
बापाने सवयीने पाट ओढला, सुरी दगडावर घासली.
पहिली चीर. दुसरी.
थांबला. धार अंगठ्यावर लावून पाहिली.
तिसरी.
मासा गप्प.
त्याच्या दंडावर काटा उभा राहिलेला मी पाहिला.

तरी त्याने सगळ्या चिरा पाडल्या,
पार शेपटीपर्यंत,
तेवढ्याच अंतराने.

जेवताना तोमे बडबडत होता,
फुटबॉल, घरभाडं, पुन्हा फुटबॉल.
आमच्याकडे मासा असला की कुणी बोलत नसे.
बापाने घास जिभेवर इकडून तिकडे फिरवला,
शोधत राहिला.
"चव तीच आहे गं," म्हणाला.
मग थोड्या वेळाने, कुणालाच नाही असं,
"आता पोरं बघून खाणार नाहीत."

काम संपलेलं नाही.
काटेवाल्यांच्या ओळीखाली बिनकाट्यांची ओळ,
मी फरक शोधते.
नवव्या जोडीत असेल वाटलं होतं. नव्हता.
मासा माशाहून लाखो जागी वेगळा,
त्यातल्या कुठल्या जागी काटा होता
कोण जाणे.
पहाटे चारला, बाप बाजाराला निघतो त्या वेळी,
पडद्यावरून अक्षरं सरकत असतात
आणि मी कान देऊन बसते,
कुठे कर्र होतंय का.